मध आंबतो तेव्हा

शहरात शिकून आलेले आपले काही तरुण हल्ली विचारतात, "फादर, घरच्या घरी थोडी बिअर बनविली तर त्यात पाप कोणते?" त्यांच्या मनात असते जर्मनीची वसंत ऋतूतील 'मायबॉक' आणि तीत मिसळलेला महाबळेश्वरचा मध. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम वस्तू समजून घेऊ. मोड आणून वाळविलेल्या सातूचा गोड काढा हॉप्स घालून उकळतात आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडतात. या जातीची बिअर सुमारे १० अंश सेल्सिअसला सावकाश आंबते व पुढे कित्येक आठवडे अधिक थंड जागी मुरते. सांगली-साताऱ्याच्या चैत्रात हे फ्रिजवाचून अशक्यच! बॉक मुळातच कडक. तीत मद्यार्क साधारण ६ ते ७ टक्के. मध घातल्यास त्यातील जवळजवळ सारी साखर यीस्ट फस्त करते. गोडवा सरतो, मद्यार्क वाढतो, मागे उरतो तो थोडा सुगंध.

आंबण्याची ही क्रिया पाप नव्हे. आपला पाव आणि आंबोळी तिच्यावाचून होत नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेही धर्मविधीच्या द्राक्षारसासाठी वाट मोकळी ठेवली. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते द्राक्षारस पिणे स्वभावतः निषिद्ध नाही. मात्र पिणाऱ्याला तो सहज बाधत असेल, त्याने व्रत घेतले असेल, मर्यादा सुटत असेल किंवा इतरांना अडखळण होत असेल, तर तो निषिद्ध ठरतो.

यावर कोणी म्हणेल, "म्युनिकचे पाउलानर संन्यासी सतराव्या शतकात बिअर बनवीतच होते ना?" होय, बनवीत होते. उपवासकाळात घन अन्न वर्ज्य असता ती त्यांचे पोषण करी. परंतु मठातील पेल्याला नियमाचे कुंपण असे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीचा चाळिसावा अध्याय भिक्षूला दिवसाला किती द्राक्षारस द्यावा हे ठरवून देतो आणि जो तोही वर्ज्य करतो त्याला ईश्वराकडून प्रतिफळ मिळेल असे सांगतो. मठात माप दुसऱ्याच्या हाती होते. आपल्या खोलीतील फ्रिजपाशी ते कोणाच्या हाती असेल?

त्याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. रानाकडेला एखादा गरीब मजूर हातभट्टी लावतो, तेव्हा आपण त्याला गुन्हेगार म्हणतो. सुशिक्षित घरातील मुलगा परवान्यावाचून बिअर बनवितो, तेव्हा त्याला छंद म्हणतो. दारू गाळणे आणि बिअर आंबविणे यांत फरक आहे, धोकाही सारखा नाही. तथापि महाराष्ट्रात परवान्यावाचून दोन्ही बेकायदेशीर आहेत. मजुराला नियम आणि मुलाला कौतुक, हा कुठला न्याय? ज्याला यात खरोखरच रस असेल, त्याने रीतसर परवाना घेऊन उद्योग करावा. पुण्यात मधापासून मद्य बनविणारी अधिकृत संस्था आज आहेच.

आणि शेजाऱ्याचे काय? गावातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून सातारा जिल्ह्यातील स्त्रियांनी 'आडवी बाटली'ला मते दिली आहेत. त्या मतामागे किती रात्रींचे रडणे असते, हे धर्मग्रामात घरोघर फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. ज्या आळीत एखादी माता मजुरीचे पैसे नवऱ्यापासून लपवून ठेवते, त्याच आळीत आपण मित्रांना कौतुकाने पेला भरून द्यावा काय? दुर्बल बंधू अडखळणार असेल तर मांस व द्राक्षारस दोन्ही सोडणे बरे, असा संत पौलाचा विचार होता. स्वातंत्र्य त्याला ठाऊक होते, परंतु बंधू त्याहून प्रिय होता. भीतीने केलेला त्याग आणि प्रेमाने केलेला संयम यांत हेच अंतर आहे.

महाबळेश्वरनजीकचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. तेथील मध जरूर आणावा. पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्तीची स्तुती गाताना ख्रिस्तसभा मधमाश्यांच्या श्रमाचेही स्मरण करते. त्या सकाळी तो मध भाकरीबरोबर मुलांना, आजीला आणि दारू सोडू पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही वाढता येईल. ज्या पानावर शेजाऱ्यालाही निर्धास्तपणे जेवता येते, ते पान आपल्या घरी वाढले जावे.