गळती कोणाची, शेवाळ कोणाचे?



आपल्या नगरला पाऊस तो किती! अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा पट्टा सोडला, तर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. म्हणूनच की काय, ओला जिना ही आपल्याला काळजीची गोष्ट वाटत नाही. कोकणातील माणूस पायऱ्यांवरचे शेवाळ वेळीच खरवडून काढतो. आपण मात्र परतीच्या पावसात कोणी घसरून पडल्यावर जागे होतो.

गेल्या सप्टेंबरात शहरातील एका तीन बिऱ्हाडांच्या घरात असेच घडले. बाहेरच्या बाजूने चढणारा दगडी जिना, त्यावर गच्चीतल्या टाकीचे ठिबकणारे पाणी आणि वर पावसाची झड. सकाळी दूध आणायला निघालेल्या भाडेकरूच्या वृद्ध मातेचा पाय तिसऱ्या पायरीवरून निसटला आणि खुब्याचे हाड मोडले. घरमालक आणि भाडेकरू दोघेही आमच्या मशिदीचे नमाजी, त्यामुळे वाद माझ्याकडे आला. मालक म्हणाले, “मौलाना, जिना रोज वापरतात हे. घासायला मी यायचे का?” भाडेकरू म्हणाला, “टाकी त्यांची, गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. मी शेवाळ घासणार आणि पाणी ठिबकतच राहणार. असे किती दिवस?”

दोघांचे म्हणणे ऐकताना मला एक गोष्ट सलत होती. त्याच बिऱ्हाडातील मुलांना कुरआन शिकवण्यासाठी मी आठवड्यातून दोनदा तो जिना चढत होतो. हिरवी पायरी मला दिसली होती. पायजमा वर धरून मी भिंतीच्या कडेने चढलो, आणि तसाच उतरलो. एका शब्दाने कोणाला सांगितले नाही. न्याय द्यायला बसलेला मीही त्या प्रकरणात होतोच.

फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नाचा पहिला भाग सरळ आहे. घर ज्या उपयोगासाठी भाड्याने दिले, तो उपयोग नीट होण्यासाठी लागणारी डागडुजी, छत, भिंती, पाण्याच्या वाटा हे सारे मालकाकडे. राहणाऱ्याच्या वापरातून साचणारा केरकचरा भाडेकरूकडे. उस्मानी सल्तनतीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायदेसंहितेतही हीच विभागणी आहे. आता पाहा, शेवाळ हा केर आहे का? तो भाडेकरूच्या राहण्यातून निर्माण झालेला नाही, टाकीच्या गळतीतून झाला आहे. म्हणजे मूळ जबाबदारी मालकाची, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

परंतु पडलेल्या माणसाच्या नुकसानीचा प्रश्न इतका सरळ नाही. मदरशात आम्ही ‘हिदाया’ शिकलो, त्यात रस्त्याकडे झुकलेल्या भिंतीचा मसला येतो. भिंत आपोआप झुकली, एवढ्याने मालक दोषी ठरत नाही. ‘ही भिंत पाडा’ असे त्याला बजावले गेले, पाडण्यास पुरेसा अवधी मिळाला आणि तरीही तो बसून राहिला, तर पुढील हानीची भरपाई त्याच्यावर येते. गंमत अशी की, हे बजावणे घरात राहणाऱ्या भाडेकरूला केले तर ते व्यर्थ मानले आहे, कारण भिंत पाडण्याचा अधिकारच त्याच्याकडे नाही. ज्याच्या हाती उपाय, त्याच्या कानावर गोष्ट गेली पाहिजे.

मी भाडेकरूला विचारले, “टाकीचे कधी सांगितलेत?” तो म्हणाला, “भाडे द्यायला गेलो तेव्हा एकदा बोललो होतो.” मालकांना आठवत होते. “चालेल अजून थोडे दिवस, असे मी म्हणालो होतो,” हे त्यांनी स्वतःहून कबूल केले. त्या प्रामाणिकपणाची मी मनोमन कदर केली. वादात अशी कबुली क्वचित मिळते.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार घर दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे संरक्षण भाडेकरूचे आहे. हल्ली सर्रास होणाऱ्या 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये कागदावर काय लिहिले यालाच महत्त्व येते, आणि त्या कागदावर दिवे, पंखे, नळ मोजलेले असतात, जिना नसतो.

येथवर हक्कांचा हिशेब झाला. पण वाचकहो, रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले, तेव्हा ती वस्तू कोणी टाकली हे शोधण्याची अट त्यांनी घातली नाही. काट्याची फांदी बाजूला सारणाऱ्या ज्या माणसाला अल्लाहने माफ केले, त्याच्याकडे त्या वाटेची मालकी असल्याचे हदीसमध्ये कोठेही नाही. खर्च कोणाचा, हे करार ठरवील. मूठभर ब्लीचिंग पावडर आणि खराटा घेऊन दहा मिनिटे वाकायला मात्र करार लागत नव्हता. मालकाची जबाबदारी यामुळे तसूभरही कमी होत नाही. भाडेकरूने ते काम केले असते तर तो उपकार ठरला असता, आणि खर्च मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राहिला असता. पण ‘हे माझे काम नाही’ हे वाक्य कायद्याने खरे असूनही त्याची आई त्याच पायऱ्यांवरून उतरत होती. आणि माझे काय? मला तर ना भाडे द्यायचे होते ना घ्यायचे.

मी काही काझी नव्हे; दोघांनी मानले तरच माझ्या बोलण्याला अर्थ. मालकांनी शस्त्रक्रियेचा निम्मा खर्च उचलला. मी पूर्ण उचलावा असे सुचवले होते. उरलेला निम्मा भाडेकरूनेच सोडून दिला. टाकीचा बॉलकॉक आठवड्याच्या आत बदलला गेला. आई आता वॉकर घेऊन घरात फिरतात, जिना उतरत नाहीत. नवा करार करताना दोघांनी त्यात एक ओळ वाढवली आहे: गळती दिसताच भाडेकरूने लेखी कळवावे, मालकाने आठ दिवसांत दुरुस्त करावी, आणि तोवर जिना जो आधी पाहील त्याने घासावा. ‘जो आधी पाहील’ हे शब्द त्यांनी मला विचारून घातले.