ज्याच्या हाती टोकन

सॉफ्टवेअरच्या निविदांमध्ये आणि विक्रेत्यांच्या सादरीकरणांमध्ये हल्ली ‘झीरो ट्रस्ट’ हे दोन शब्द आल्यावाचून राहत नाहीत. कुणावरही विश्वास ठेवू नका, प्रत्येक विनंती तपासा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्ट कंपनीच्या ‘ड्रिफ्ट’ या चॅट सेवेशी जोडलेली ओऑथ टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायचे डिजिटल परवाने, चोरीला गेली आणि ती वापरून चोर शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधल्या नोंदींपर्यंत पोचले. त्यासाठी त्यांना त्या कंपन्यांचा एकही पासवर्ड फोडावा लागला नाही की कुणाच्या ओटीपीला चकवावं लागलं नाही. झळ बसलेल्यांत क्लाउडफ्लेअर, पालो आल्टो नेटवर्क्स आणि झीस्केलर होत्या. तिघीही जगाला झीरो ट्रस्ट विकतात.

त्यांना हसून काही साधणार नाही, कारण हीच टोकन आपण सगळेच वापरतो. विचारायला हवं ते असं, की इतका अविश्वास शिकवणारी व्यवस्था टोकन पाहताच डोळे का मिटते? माझ्या मते ‘विश्वास किती ठेवावा’ हा वेब सेवांच्या सुरक्षेचा मूळ प्रश्न कधी नव्हताच. पुरावा कशाला बांधलेला असावा, हा होता: पाठवलेल्या निरोपाला, निरोप ज्या वाटेनं जातो त्या वाटेला, की निरोप पाठवणाऱ्याला? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर गुपचूप बदललं आणि आपण त्या बदलाला सोपेपणा म्हणत राहिलो.

सुरुवातीचा इतिहास वादाचा नाही. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये नेटवर्कवरची ओळख किल्ल्यांच्या आधारे पटवण्याची रीत मांडली. तिच्यावर एमआयटीत कर्बेरॉस उभं राहिलं. तिथे नुसतं तिकीट दाखवून भागत नसे. त्या वेळेपुरत्या किल्लीनं तयार केलेला, वेळ नोंदलेला ताजा पुरावा सोबत द्यावा लागे, त्यामुळे तिकीट चोरणाऱ्याच्या हाती किल्लीवाचून फारसं काही लागत नसे. १९८४ मध्ये बिरेल आणि नेल्सन यांनी दूरच्या यंत्रावरचं फंक्शन जवळचं असल्यासारखं बोलावण्याची पद्धत घडवली आणि पुढच्याच वर्षी बिरेलनं ती सुरक्षित कशी करावी तेही लिहिलं. साल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांचा ‘एंड टू एंड’ युक्तिवादही याच काळातला: सुरक्षेची अंतिम जबाबदारी दोन टोकांनी घ्यावी, मधल्या वाटेवर सोपवू नये. नव्वदच्या दशकात नेटस्केपनं एसएसएल आणून वाटच बंदिस्त केली. एक ग्राहक आणि एक दुकान एवढाच संवाद असेल तर तेवढं पुरतं.

सेवांचा संवाद मात्र दोघांपुरता राहत नाही. विनंती एका सेवेकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे जाते. प्रत्येक मुक्कामावर बंदिस्त वाट संपते, निरोप उघडा होतो आणि पुन्हा नव्या वाटेला लागतो. म्हणूनच ‘सोप’ या एक्सएमएलमधून निरोप पाठवण्याच्या पद्धतीच्या जमान्यात, २००४ साली, ओॲसिस या मानकसंस्थेनं डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक मंजूर केलं. सही आणि कुलूप निरोपाच्या पोटातच असावं, म्हणजे तो कितीही हातांतून गेला तरी पुरावा टिकेल, अशी त्यामागची कल्पना होती.

इथून पुढची गोष्ट सगळे एकाच पद्धतीनं सांगतात. ‘सोप’ बोजड, साध्या एचटीटीपीवर चालणारी ‘रेस्ट’ शैली सुटसुटीत; प्रोग्रामरांनी मतदान केलं, सुटसुटीतपणा जिंकला. मला हे वाचन अर्धवट वाटतं. त्या वेळी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र फेकल्या गेल्या: एक्सएमएलचा पसारा आणि निरोपावरची सही. पसारा जायलाच हवा होता. सहीनं काय गुन्हा केला होता?

एक्सएमएलवरची सही खरोखर त्रासाची होती, हे मान्य. मजकूर तोच, पण मांडणी किंचित बदलली तरी सही जुळत नसे, म्हणून आधी तो ठरावीक साच्यात बसवण्याचे किचकट नियम आले. त्यातूनही फट राहिली. सही केलेला भाग दस्तऐवजात दुसरीकडे सरकवून त्याच्या जागी आपला मजकूर घुसवता येतो, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. २०११ मध्ये बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच डाव ॲमेझॉनच्या ‘सोप’ सेवेवर चालवून दाखवला. पण दोष त्या दस्तऐवजाच्या रचनेत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली.

‘रेस्ट’ आणि सही यांचं वैर नव्हतं, याचा पुरावा त्याच ॲमेझॉनकडे आहे. मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा सुरू झाली तेव्हापासून तिच्या साध्या एचटीटीपी विनंत्यांवरही गुप्त किल्लीनं सही करायची सोय होती आणि आजही ती पद्धत चालू आहे. किल्ली स्वतः कधी प्रवास करत नाही. तिनं केलेली सही तेवढी जाते. ‘रेस्ट’ मांडणाऱ्या रॉय फील्डिंगच्या २००० सालच्या प्रबंधात तर मधले थर गृहीतच धरलेले आहेत आणि प्रत्येक निरोपानं आपला अर्थ स्वतःसोबत न्यावा असा आग्रह आहे. असा निरोप आपला पुरावाही सोबत नेऊ शकतो. ‘रेस्ट’नं सही काढा असं कुठेही सांगितलेलं नाही.

सही काढली ती ओऑथनं. २००७ च्या पहिल्या आवृत्तीत विनंतीवर सही होती. ती जुळवताना छोट्या ॲपवाल्यांच्या नाकी नऊ येत. ऑक्टोबर २०१२ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘बेअरर टोकन’: ज्याच्या हाती, त्याचा अधिकार. सावकारी पेढ्यांवर धनीजोग हुंडी आणणाऱ्याला पैसे मिळत, शहाजोग हुंडीला मात्र बाजारात पत असलेला माणूस मध्ये लागे. आपण शहाजोग सोडून धनीजोगवर आलो आणि वाट बंदिस्त आहे एवढ्या भरवशावर निर्धास्त झालो. त्या मानकाचे संपादक एरन हॅमर यांनी त्याच वर्षी जुलैत राजीनामा देऊन आपलं नाव काढून घेतलं. लोकांना त्यांचा संताप आठवतो. सही काढून टाकणं हा त्यांच्या आक्षेपांतला एक होता, हे विसरलं गेलं.

वाटेवर टाकलेला हा भार वाटेला पेलणारा नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचं एक हातानं काढलेलं रेखाचित्र प्रसिद्ध झालं. गूगलच्या दर्शनी सर्व्हरपाशी एसएसएल संपतं आणि आतल्या जोडण्यांवर मजकूर उघडा धावतो, हे त्यात बाणानं दाखवलं होतं. आतल्या वाटा मग बंदिस्त झाल्या, तरी टोकन गळतच राहिली. २०२२ मध्ये हेरोकू आणि ट्रॅव्हिस-सीआय या सेवांना दिलेली टोकन चोरून गिटहबवरचे खाजगी कोडसाठे उतरवले गेले. २०२३ मध्ये लॉगिन सांभाळणाऱ्या ऑक्टा कंपनीच्या मदतकक्षाकडे ग्राहकांनी पाठवलेल्या फाइलींतून चालू सत्रांची टोकन गेली. दोन्ही वेळा टीएलएसला, म्हणजे एसएसएलच्या नव्या अवताराला, धक्काही लागला नव्हता.

किल्ल्याही चोरीला जातातच की, असं कुणी म्हणेल. खरं आहे, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची सहीची किल्ली मिळवून बनवलेल्या खोट्या टोकनांनी अमेरिकी सरकारी खात्यांतल्या ईमेल वाचल्या गेल्या. पण किल्ली हार्डवेअरमध्ये कोंडून ठेवता येते, तिला बाहेर पडायची गरज नसते. बेअरर टोकन मात्र प्रत्येक विनंतीबरोबर बाहेर पडतं, तेच त्याचं काम.

आपल्याकडची दोन मोठी बांधकामं या बाबतीत जुन्या वळणाची राहिली. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्या आधारच्या पडताळणीत बोटाचा ठसा जागेवरच कुलूपबंद होतो आणि विनंतीवर सही होते. मधली संस्था ती वाहून नेते, आतलं वाचू शकत नाही. मुंबईच्या एनपीसीआयनं २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयतही बँकांमधले निरोप सहीचे असतात आणि पिन ज्या ॲपमधून टाकतो त्या ॲपला तो दिसत नाही. आधारबद्दलचे खाजगीपणाचे वाद वेगळे आणि गंभीर आहेत. पण ज्या एक्सएमएलला नवे अभियंते नाकं मुरडतात, त्यात हा शहाणपणा शिल्लक होता.

आता सही परत येते आहे. टोकन प्रमाणपत्राशी बांधणारं मानक २०२० मध्ये आलं, प्रत्येक विनंतीसोबत किल्लीचा पुरावा मागणारं ‘डीपॉप’ २०२३ मध्ये, एचटीटीपी निरोपांवरच्या सह्यांचं २०२४ मध्ये. यांना नवं म्हणणं म्हणजे कर्बेरॉसला विसरणं. खटकतं ते एवढंच, की बहुतेक ठिकाणी हे सगळं ऐच्छिक आहे.

जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये झीरो ट्रस्ट मांडलं तेव्हा मुद्दा नेमका होता: केवळ नेटवर्कच्या आत आहे म्हणून कुणाला विश्वासू समजू नका. आपण नेटवर्ककडून काढून घेतलेला विश्वास उचलून टोकनच्या पदरात टाकला आणि बाकी शून्य झाली असं जाहीर केलं. म्हणून निविदा लिहिणाऱ्यांनी ते दोन शब्द खुशाल गाळावेत आणि त्याऐवजी एकच अट घालावी: आमचं टोकन उद्या तिसऱ्याच यंत्रावरून वापरलं गेलं, तर तुमची सेवा ते नाकारेल का, हे आमच्यासमोर करून दाखवा.