बेटीबंदी आणि जनुके

भारतीय लोकसमूहांतील जनुकीय भिन्नतेवर गेल्या दोन-अडीच दशकांत जे मूलगामी संशोधन झाले, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील कुमारसामी थंगराज यांचे काम अग्रभागी आहे. लालजी सिंह आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २००५ साली अंदमानातील ओंगे आणि ग्रेट अंदमानी लोकांच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएचा अभ्यास 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आद्य मानवांपैकी काहींचे हे वंशज दीर्घकाळ बेटांवर इतरांपासून अलग राहिले, असे त्यावरून दिसले.

मुख्य भूमीचे चित्र याहून फार वेगळे निघाले. हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्या गटाबरोबर २००९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात २५ समूहांतील १३२ व्यक्तींचे जीनोम तपासले होते. मुख्य भूमीवरील बहुतेक भारतीय समूहांत दोन प्राचीन वंशधारा आढळल्या. त्यांना उत्तर भारतीय पूर्वज आणि दक्षिण भारतीय पूर्वज अशी नावे दिली गेली. उत्तरेकडच्या धारेचा वाटा समूहागणिक ३९ ते ७१ टक्के भरला, म्हणजे तिच्यापासून पूर्णपणे मुक्त किंवा निव्वळ तिचाच बनलेला समूह सापडला नाही. प्रिया मूरजानी यांच्या पुढाकाराने २०१३ साली झालेल्या अभ्यासाने या मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला. त्या काळात मिश्रण इतके सर्वदूर झाले की भिल्लांसारखे आदिवासीही त्यातून सुटले नाहीत. पुढे २०१९ साली प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून या दोन्ही धारा स्वतःच संमिश्र असल्याचे स्पष्ट झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी सिंधू संस्कृतीच्या राखीगढी या स्थळी उत्खनन केलेल्या सांगाड्यांपैकी एका स्त्रीचा जीनोम त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. तो अंश उपखंडात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात आला.

आर्य बाहेरून आले का, या वादात सारे लक्ष याच भागावर खिळले आणि संशोधनाचा अधिक मोलाचा निष्कर्ष मागे पडला. ज्या समाजात शेकडो वर्षे सर्वांची सरमिसळ चालली, त्याच समाजाने पुढे बेटीव्यवहाराची दारे लावून घेतली. आंध्रातील वैश्य समाजात तर शंभराहून अधिक पिढ्या बाहेरचा अंश जवळजवळ आलेला नाही. जातिबंधने मुख्यतः इंग्रजी राजवटीत घट्ट झाली, हे मत निदान या समाजाच्या बाबतीत टिकत नाही.

महाराष्ट्रात याची चाहूल आधीच लागली होती. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ साली बरोबरीच्या दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींची शारीरिक मोजमापे आणि रक्तगट तपासले. एकाच वर्णनामाखाली वावरणारे हे गट जैविकदृष्ट्या बरेच वेगळे निघाले. लग्न ज्या वर्तुळात होते ते वर्तुळ, म्हणजे जात, हाच अभ्यासाचा खरा घटक मानावा, हा इरावतीबाईंचा आग्रह होता. जनुकशास्त्राने तो उचलून धरला आहे.

याचे परिणाम आज दवाखान्यात दिसतात. समूहाचे मूळपुरुष मोजके असतील आणि वंशज आपसांतच लग्ने करत राहिले, तर मूळपुरुषांपैकी एखाद्याच्या जनुकातला दोष पुढे अनेकांत पसरतो. आई आणि वडील या दोघांकडून तो आला, की मूल आजारी होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सगोत्र किंवा सपिंड विवाह टाळल्याने हा धोका संपत नाही, कारण नवरा-नवरी नात्यात नसली तरी दूरचे पूर्वज तेच असतात. थंगराज, राइक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली २६३ दक्षिण आशियाई समूह तपासले. त्यांपैकी ८१ समूहांत मोजक्या मूळपुरुषांचा हा परिणाम फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला. या ८१ पैकी चौदांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे.

वैश्य समाजातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या विकराची कमतरता हे याचे ठळक उदाहरण आहे. भूल देताना वापरले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध अशा रुग्णाच्या शरीरात लवकर विघटित होत नाही आणि श्वास दीर्घकाळ थांबलेला राहतो. आंध्रातील डॉक्टरांना हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे ते आधीच चौकशी करतात. इतर बहुतेक समूहांबाबत असे ज्ञान अजून जमा झालेले नाही.

सगळेच दोष मात्र जातीच्या कुंपणात अडकलेले नाहीत. एमवायबीपीसी-३ या जनुकातील पंचवीस अक्षरांची तूट हृदयाचे स्नायू दुबळे करू शकते. ती दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत, जातपात ओलांडून आढळते, कारण ती जातींच्या फार आधीची आहे.

अश्केनाझी ज्यू समाजात १९७० च्या दशकापासून टे-सॅक्स या प्राणघातक आजारासाठी वाहकांची तपासणी सुरू झाली आणि त्या समाजातील रुग्णांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. भारतातही समूहागणिक दोषांच्या याद्या तयार करून लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला तपासणीची सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली पाहिजे. तपासणीची माहिती गुप्त ठेवली गेली पाहिजे आणि कोणत्याही जातीच्या नावावर आजाराचा शिक्का बसता कामा नये.