रुळांमधलं अंतर

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी एक मुलगी होती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरत होती. ते कसं बसवायचं, हे सांगणाऱ्या वेबसाइटवरच्या पानात एका कमांडमधलं एक अक्षर चुकलं होतं, आणि त्या एका अक्षरापायी तिचा अख्खा दिवस वाया गेला. ‘माझा गेला तो गेला, दुसऱ्या कुणाचा जायला नको,’ असं म्हणून तिनं ती चूक स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं. ओपन सोर्सची रीतच ती आहे. ज्याला चूक दिसली, त्यानं हात लावावा.

अक्षर बदलायला अर्धं मिनिट लागलं. पण पाठवण्याआधी वेबसाइट आपल्या मशीनवर बिल्ड करून पान नीट दिसतं का ते पाहावं, अशी तिथं सूचना होती. ती वेबसाइट जेकिल नावाच्या साधनावर होती, म्हणजे रुबी भाषा हवी. मुलीनं नवी रुबी बसवली, तर प्रकल्पाला जुनी हवी होती. जुनी बसवायला गेली, तर ती मशीनवरच्या नव्या ओपनएसएसएल लायब्ररीशी जुळेना. एका गाठीतून दुसरी गाठ निघत गेली. तिसऱ्या दिवशी रात्री एक वाजता ते पान तिच्या पडद्यावर उमटलं. अर्ध्या मिनिटाच्या दुरुस्तीला तीन संध्याकाळी लागल्या.

ती दुरुस्ती स्वीकारली गेली. मुलीला इतका आनंद झाला, की त्या सॉफ्टवेअरच्या समूहातल्या बाकीच्या प्रकल्पांची पानंही तपासावीत असं तिला वाटलं. असे एकूण बारा प्रकल्प होते. दुसऱ्या प्रकल्पाची वेबसाइट स्फिंक्सवर, म्हणजे पायथन आलं. तिसऱ्याची मेव्हनवर, म्हणजे जावा आलं. चौथ्याची ह्यूगोवर होती, पण ठराविकच आवृत्तीच्या. एका घरात शिकलेली रीत पुढच्या घरात उपयोगी पडेना. प्रत्येक उंबऱ्यावर नव्यानं ठेच होती.

मुलीनं एक लांबलचक पत्र लिहिलं. बाराही प्रकल्पांनी आपापल्या वेबसाइटसाठी एकच साधन वापरावं आणि ते ह्यूगो असावं. ती एकच फाइल असते, दुसरं काही बसवावं लागत नाही, शेकडो पानं ती काही सेकंदांत तयार करते. पत्रातला शब्दन् शब्द खरा होता. तिला वाटलं, आता सगळे म्हणतील, इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही!

उत्तरं आली ती अशी. पायथनवाले म्हणाले, “स्फिंक्स 2008 साली खुद्द पायथन भाषेच्या कागदपत्रांसाठी जन्माला आलं. आमच्या कोडमध्ये लिहिलेली वर्णनं वाचून ते संदर्भाची पानं तयार करतं. आमच्या भाषांतरांच्या फाइलीही त्याच्याशी बांधलेल्या आहेत. ते सगळं ह्यूगोत कोण आणणार?” जावावाले म्हणाले, “आमची नवी आवृत्ती आणि तिची पानं एकाच बिल्डमधून निघतात. दोन वेगळी केली, तर आवृत्ती एक सांगेल आणि पान दुसरं.” शेवटचं उत्तर एका वयस्क स्वयंसेवकाचं होतं. ते एकटेच एक प्रकल्प सांभाळत होते. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. “बदलून द्यायला तू तयार आहेस, याचा आनंद आहे. पण पुढच्या वर्षी ते बिघडलं, तर तू असशील का?”

तो प्रश्न मुलीला लागला. आपण करूनच दाखवू, म्हणून दिवाळीच्या सुटीत तिनं एका लहान प्रकल्पाची वेबसाइट एकटीनं ह्यूगोवर नेली. पानं देखणी झाली. पण जुन्या पानांच्या पत्त्यांच्या शेवटी ‘एचटीएमएल’ होतं, आणि ह्यूगो आपल्या रीतीनं पत्ते वेगळे बनवत होतं. जुने पत्ते लोकांच्या टिपणांत, धड्यांत, पुस्तकांत छापले गेले होते. त्यांवरून येणाऱ्याला आता ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसू लागलं. चार दिवसांत सगळं पूर्ववत करावं लागलं.

“हिरमुसू नकोस,” त्या वयस्क स्वयंसेवकानं लिहिलं. “हे आमच्याही आधी थोरामोठ्यांनी करून पाहिलंय. तो इतिहास वाच.”

मुलगी वाचू लागली. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही 1999 साली स्थापन झालेली संस्था. तिच्या छत्राखाली शेकडो प्रकल्प, त्यामुळे हा प्रश्न तिथं केव्हाच उभा राहिला होता. तिथं फॉरेस्ट नावाचं साधन घडवलं गेलं. मजकूर एक्सएमएलमध्ये लिहायचा आणि सगळी पानं एका वळणाची निघायची. हडूपसारख्या मोठ्या प्रकल्पानं ते घेतलं. मग जावा पुढे गेली, फॉरेस्ट मागे राहिलं. एक काळ असा आला, की हडूपची निव्वळ कागदपत्रं बिल्ड करण्यासाठी लोकांना मशीनवर जुनी जावा 5 वेगळी बसवावी लागे. प्रकल्प नव्या जावावर आणि त्याची पानं जुन्या जावावर! 2020 साली फॉरेस्ट निवृत्त झालं. दरम्यान दुसरा प्रयत्न झाला होता, संस्थेच्या स्वतःच्या सीएमएसचा. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, बदलायचं, जतन करायचं, इतकं ते सोपं होतं. पण ते पर्लमध्ये लिहिलेलं होतं, त्याला जिवंत ठेवणारे हात कमी झाले, आणि तेही बंद करावं लागलं. मग त्यावर विसंबलेल्या प्रत्येक प्रकल्पाला पुन्हा आपलं बिऱ्हाड हलवावं लागलं.

म्हणजे सगळ्यांसाठी एक साधन आणलं, की ते साधन म्हातारं झाल्यावर सगळे एकदम अडकतात. आणि प्रत्येकानं वेगळं ठेवलं, तर दारात येणारा नवा माणूस अडकतो. मुलीला वाट सुचेना. ती चार दिवसांसाठी आजोबांकडे कुर्डुवाडीला गेली.

आजोबा रेल्वेत होते. सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर झालेली. नातीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारलं, “काय झालंय गं पोरी? परीक्षेचं काही बिनसलं का?”

“परीक्षेचं नाही, आजोबा. तुम्हाला कसं सांगू? बारा घरं आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. येणाऱ्याला प्रत्येक दारात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.”

आजोबा हसले. “हे मला सांगतेस होय! आमचा जन्म त्यातच गेला. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, ती छोट्या रुळांची. दोन रुळांत 2 फूट 6 इंच. आणि मुंबई-सोलापूरची मोठी लाइन 5 फूट 6 इंचांची. दोन्ही भेटायच्या इथं, कुर्डुवाडीत. लातूरकडून पोती यायची. पुढं जायची ती मोठ्या गाडीनं. पण तिकडचा डबा इकडच्या रुळावर चढायचाच नाही! मग काय, छोट्या गाडीतनं पोतं पाठीवर घ्यायचं, फलाट ओलांडायचा आणि मोठ्या गाडीत टाकायचं. तेच पोतं दोनदा वाहायचं. पंढरपूरला जाणारे वारकरीसुद्धा बोचकी डोक्यावर घेऊन एका गाडीतनं उतरायचे आणि दुसरीकडं पळायचे. मी रिटायर झालो, तरी छोटी गाडी चालूच होती. नंतर ते रूळ काढून रुंद केले, आणि लातूरचा डबा थेट मुंबईला जायला लागला.”

“म्हणजे सगळं एकसारखं केलं, तेव्हाच सुटलं ना? मीही तेच म्हणत होते.”

“एकसारखं काय केलं, ते नीट बघ,” आजोबा म्हणाले. “मी लागलो तेव्हा मोठ्या लाइनीवर वाफेचं इंजिन होतं. मग डिझेल आलं. आता विजेचं आलंय. इंजिनं किती बदलली! मालाचे डबे वेगळे, माणसांचे वेगळे. त्यातलं कुणी काही एक केलं नाही. एक राहिलं ते दोन रुळांमधलं अंतर. तेवढं जुळलं, की वरनं कुठली गाडी जाते, याची रुळाला फिकीर नसते. आता तू सांग, तू त्या बारा घरांना रूळ जुळवायला सांगितलंस, का इंजिन बदलायला?”

मुलगी गप्प झाली. आपण बारा घरांकडे इंजिनंच मागत होतो, हे तिला कळलं. अपाचीच्या इतिहासातलं जे तिनं घाईनं वाचून सोडलं होतं, तेही आता आठवलं. तिथले प्रकल्प आज जेकिल, ह्यूगो, पेलिकन, मेव्हन, ज्याला जे सोयीचं ते वापरतात. तयार पानं मात्र बहुतेक जण गिटमध्ये ठरलेल्या नावाच्या एका शाखेत ठेवतात, आणि तिथून ती जगापुढे जातात. साधनं बदलली तरी ती जागा बदलत नाही. रुळांमधलं अंतर तिथं जुळलेलं होतं.

पुण्याला परतल्यावर तिनं नवं पत्र लिहिलं नाही. ज्या पहिल्या प्रकल्पात तिच्या तीन संध्याकाळी गेल्या होत्या, तिथंच ती कामाला बसली. जेकिलला तिनं हात लावला नाही. रुबी आणि लागणारी प्रत्येक लायब्ररी, नेमक्या आवृत्तीसह, एका कंटेनरमध्ये बंद केली, म्हणजे येणाऱ्याच्या मशीनवर काय आहे आणि काय नाही हा प्रश्नच उरू नये. बाहेरून फक्त तीन कमांड ठेवल्या. एक साइट बिल्ड करून पाहण्याची, एक तुटलेले पत्ते तपासण्याची आणि एक तयार पानं ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्याची. ‘पान कसं बदलावं’ हे एका पानात साध्या भाषेत लिहिलं. मग मेव्हनच्या प्रकल्पात ती गेली. आत मेव्हनच ठेवलं, बाहेर त्याच तीन कमांड. मग स्फिंक्सच्या प्रकल्पात. आत स्फिंक्स, बाहेर त्याच तीन. प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसांना विचारून, त्यांच्या अडचणी समजून घेऊन तिनं ते केलं. पत्ते तपासण्याची कमांड तर तिच्या स्वतःच्या दिवाळीतल्या चुकीनंच शिकवली होती.

चौथ्या प्रकल्पानं तिला बोलावलं नाही. तिथल्या लोकांनी तिसऱ्याकडून पाहून स्वतःच करून घेतलं. पाचव्यानं चौथ्याचं पाहिलं. वर्षभरात आठ प्रकल्पांच्या दारात त्याच तीन कमांड आल्या. उरलेल्या चारांना त्यांची रीत सोयीची वाटत होती. त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. दूरच्या एका गावातल्या विद्यार्थ्यानं एका पानातली चूक दुरुस्त करून पाठवली. वीस मिनिटं लागली, असं त्यानं सहज लिहिलं होतं. आत कोणतं साधन आहे, हे त्याला ठाऊकही नव्हतं. आणि एका प्रकल्पानं खरोखरच जेकिल सोडून ह्यूगो घेतलं, तेव्हा पत्ते तपासणाऱ्या कमांडनं तुटलेला एकेक पत्ता आधीच दाखवून दिला. पाहुण्यांना बदल जाणवलाच नाही, कारण दारातल्या कमांड त्याच होत्या.

त्या रात्री मुलीनं वयस्क स्वयंसेवकाच्या जुन्या पत्राला उत्तर लिहिलं. “पुढच्या वर्षी तू असशील का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी असेन. पण नसले, तरी कुणाचं अडणार नाही, एवढी सोय आता झाली आहे.”

तात्पर्य : दुसऱ्याचं इंजिन बदलायला निघू नये, जिथं दोन वाटा भेटतात तिथले रूळ जुळवावेत, आणि ते काम हुकमानं न करता आपल्या हातानं करावं. येणाऱ्याच्या पाठीवरचं पोतं ज्यानं उतरतं, ती एकसारखेपणाची खरी कसोटी.