कापडाखालची बरगडी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या अंधेरीच्या घरात विमानाचा कारखाना निघाला होता. विमान 'जिप्सी मॉथ', एकावर एक अशा जोडपंखांचे. जे. आर. डी. टाटा १९३० साली कराचीहून लंडनला निघाले ते याच जातीच्या विमानातून. खऱ्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस फूट. फुटाला इंच या मापाने आमचा तीस इंच. मदतीला शेजारचा सातवीतला मुलगा, माझाच विद्यार्थी.

पंख बांधणे मोठे किचकट. दोन लांब पट्ट्या आणि त्यांवर ओळीने बसवलेल्या बरगड्या; प्रत्येकीची पाठ सारखीच बाकदार हवी. खऱ्या विमानाला वरून कापड असते, आम्ही पतंगाचा कागद ताणणार होतो. शेवटच्या पंखातली एक बरगडी माझ्या हातून तडकली. रात्रीचे अकरा वाजले होते. तिला गोंदाचे बोट लावून मी कागद ओढू लागलो.

"सर, ती मोडलीय."

"असू दे. कागदाखाली कोण पाहणार? आणि हे थोडंच उडणार आहे?"

तो जरा थांबून म्हणाला, "आमच्या निबंधाच्या वहीत मधल्या पानांवर नुसती तुमची खूण असते, तसंच ना सर?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. वह्यांचे गठ्ठे उपसताना आरंभ आणि शेवट वाचून मी किती पानांवर लाल खूण केली असेल!

त्या रात्री झोप आली नाही. न दिसणारे काम चोख का करावे? पकडले जाऊ म्हणून? बहुधा कोणी पकडत नाही. देव पाहतो म्हणून? मग न मानणाऱ्याला मोकळीकच. मन खाते म्हणून? मन सवयीने निबर होते; माझे झालेच होते.

मग एमी जॉन्सन आठवली. मे १९३० मध्ये ही बाई एकटी जिप्सी मॉथमधून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली. रंगूनजवळ इनसीन येथे मैदानावर उतरताना पंख मोडला. तेथील तंत्रशाळेच्या लोकांनी तो दुरुस्त केला आणि २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. मध्ये समुद्र होता. समुद्रावर असताना कापड फाडून आत पाहता येत नाही.

मला वाटते, उत्तर येथेच आहे. कापड चढवणे म्हणजे शब्द देणे. 'आत सारे ठीक आहे, तू पाहू नकोस,' असे आपण दुसऱ्याला सांगतो. लाल खूणही तेच सांगते. तो शब्द खोटा असेल तर समोरच्याला न कळल्याने फसवणूक कमी होत नाही. उलट तो तिच्यावर भार टाकून पुढे जातो.

आमचे विमान कोणाला घेऊन उडणार नव्हते, हे खरे. पण समोर एक मुलगा बसला होता, आणि काम असे करायचे असते, हे तो माझ्याकडून घेऊन जाणार होता.

सकाळी अभ्यंगस्नान उरकून मी कागद फाडला, नवी बरगडी बसवली. लक्ष्मीपूजनाला तयार व्हायचे विमान भाऊबीजेला झाले.

सुटी संपल्यावर त्या मुलाची वही पहिल्या पानापासून वाचली. 'परीक्षा' हा शब्द त्याने जूनपासून प्रत्येक वेळी ऱ्हस्व लिहिला होता. आणि प्रत्येक पानाखाली माझी लाल खूण होती.