काठ नसलेली नदी

बंगळूरमधलं हेब्बाळचं तळं, ते शहर वसवणाऱ्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बांधलं, असं मानतात. बांध घातला, पाणी अडलं, तळं झालं. बांधाच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जमीन. पाण्याकडे बघायची आपली रीत हीच आहे. अभयारण्याचा नकाशा काढणाराही तीच रीत पाळतो. जंगल हिरव्या रंगात, नदी निळ्या रेघेत, आणि पुष्कळदा ती निळी रेघ हीच जंगलाची हद्द.

सह्याद्रीच्या सदाहरित रानात ही रेघ काढून बघावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्धापूर तालुक्यात, शरावतीच्या खोऱ्यात कत्तलेकान नावाचं रान आहे. तिथे ओढा दरीच्या सपाट तळाशी पसरून झाडाझाडांतून वाहतो आणि जमीन बारा महिने ओली राहते. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून जायफळाच्या कुळातली इथली झाडं मुळं वर काढतात. काहींची गुडघ्यासारखी वाकलेली, काहींची खोडातूनच निघून चिखलात रोवलेली. पाण्यातून वर येऊन श्वास घेणारं हे मूळ रानात मोजायचं की नदीत?

बेडकाकडे गेलं तर प्रश्न आणखी अवघड होतो. हेब्बाळच्या उत्तरेला, जक्कूरच्या बाजूला ‘एट्री’ ही परिसंस्थांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिथले संशोधक ज्या गटात होते, त्या गटाने २०१४ मध्ये याच भागातल्या एका नव्या बेडकाची नोंद केली. नाव ‘निक्टिबॅट्राकस कुंबारा’, म्हणजे आपला कुंभारच. मादी पाण्यावर झुकलेल्या काडीवर अंडी घालते, मग नर ओढ्याच्या तळातली माती आणून त्यांवर लिंपतो. पिल्लं बाहेर पडली की खाली प्रवाहात. काडी झाडाची, माती तळाची, पिल्लं पाण्याची, आणि हा सगळा संसार वीतभर जागेत. काडीखालचं पाणी आटलं तर झाड शाबूत राहूनही या बेडकाच्या काही कामाचं नाही. एकही झाड न तोडता त्याचं जंगल नाहीसं करता येतं.

मग या झाडांचं बी तरी जपून ठेवू, असं कुणी म्हणेल. हेब्बाळला १९४६ मध्ये कृषी महाविद्यालय निघालं आणि पुढे बल्लारी रस्त्यावर आहे कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर. बी वाळवून, थंड जागी वर्षानुवर्षं टिकवायचं तंत्र तिथे कुणाला शिकवायला नको. पण रामपत्री या रानजायफळाचं किंवा तिच्या या दलदलीतल्या भावंडांचं बी वाळलं की मरतं. ते जड असतं, झाडाखालीच पडतं. लांब जायचं तर लाल पत्रीच्या लोभाने येणारा धनेश हवा, आणि जिथे पडेल तिथे ओल हवी. ही ओली जमीन हीच त्याची कोठी. दुसरी बांधता येत नाही.

अशी जमीन उरली तरी किती? सपाट, सावलीची, बारमाही पाण्याची जागा सुपारीच्या बागेलाही हवी असते आणि भातालाही. बहुतेक दलदली अशाच गेल्या. शेतकऱ्याला त्यात दोष देता येत नाही. त्याने चांगली जमीन ओळखली, एवढंच. महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डेला एक वाचली ती देवराई म्हणून. २०२१ मध्ये राज्याने तिला जैवविविधता वारसा स्थळ केलं. क्षेत्र २.५९ हेक्टर. निर्णय चांगलाच, पण तिला पोसणारं पाणी त्या अडीच हेक्टरांत जन्मत नाही. वरच्या उतारावर कुणी पाणी वळवलं तर हद्दीतलं पानही न हलता देवराई कोरडी पडेल.

शरावतीवर हाच पेच मोठ्या मापाने उभा आहे. २०१९ मध्ये तिच्या खोऱ्यातलं रान सिंहपुच्छ वानरांचं अभयारण्य म्हणून वाढवण्यात आलं. त्याच रानात तलकळले आणि गेरुसोप्पा या जुन्या जलाशयांमध्ये पाणी खालीवर खेळवून २००० मेगावॉट वीज काढायची योजना आहे. जलाशय आधीचेच, बराचसा मार्ग जमिनीखालून, म्हणजे जंगल फारसं जाणार नाही, हा तिच्या बाजूचा मुख्य मुद्दा. वाद मग किती हेक्टर आणि किती झाडं यावरच चालतो. डोंगराच्या पोटात बोगदा खणल्यावर वरचे झरे कोणीकडे वळतील, हे झाडं मोजून कळायचं नाही.