तळहातावरच्या वस्तूची पारख

नवा स्मार्टफोन बाजारात आला की त्याची जी परीक्षा होते, ती सगळी त्या वस्तूच्या अंगाची असते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती एमएएचची, वजन किती, जाडी किती, पडदा डोळ्यांना किती गुळगुळीत वाटतो. मग जमेच्या बाजू, उणे बाजू आणि दहापैकी गुण. यात खोटे काही नसते. पण या पद्धतीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे: चांगलेपणा वस्तूच्या आत भरलेला असतो आणि मोजून बाहेर काढता येतो. हे गृहीत आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनापुढे ठेवून पाहण्यासारखे आहे, कारण वस्तूंची काटेकोर मोजदाद करण्याची हौस त्या मंडळींइतकी क्वचितच कोणाला असेल. त्यांच्यातल्या प्रशस्तपादाच्या भाष्यात २४ गुण मोजलेले आहेत. रूप, परिमाण, गुरुत्व हे त्यांतले काही. ते जड द्रव्यात राहतात. सुख, दुःख, इच्छा, द्वेष हेही त्याच यादीत आहेत, मात्र त्यांचा आश्रय फक्त आत्मा. फोनच्या खोक्यावर छापता येतो तो पहिला गट, आणि जाहिरात विकते तो दुसरा. २०० मेगापिक्सेलचे कॅमेरे याचा चांगला नमुना आहेत. नेहमीच्या वापरात असा कॅमेरा शेजारचे सोळा बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचे चित्र देतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ते आणखी आवळले जाते. आकडा खोटा नाही, पण घेणाऱ्याच्या मनात त्याने जे सुख उभे केले ते त्या आकड्यात कधी नव्हतेच.

वस्तूचा चांगलेपणा जागा बदलली की बदलतो, हे पाहायला औशाचा उन्हाळा पुरेसा आहे. मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या या तालुक्यात पारा चाळिशी ओलांडतो. ॲपलने आयफोनच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे. म्हणजे लाखभर रुपयांची वस्तू औशाच्या भर दुपारी स्वतःच्याच निर्मात्याने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर असते. थंड खोलीत बसून केलेल्या परीक्षणात तिचा वेग वाखाणला जातो, उन्हात तीच तापते आणि मंदावते. यात फोनचे काही चुकले असे म्हणता येत नाही, परीक्षणाचेही नाही. दोष त्या दोघांच्या जोडणीत आहे. शेतकऱ्याच्या गरजेकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सोयाबीन, तूर, हरभरा यांची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवरून करायची झाली. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे. या कामाला फोनमध्ये काय लागते? उन्हात वाचता येईल असा उजेड, शेताचा ठावठिकाणा अचूक पकडणारे जीपीएस, शिवारात टिकणारी रेंज, ओटीपी येईपर्यंत तग धरणारी बॅटरी. परीक्षणात जे पाच तारे मिळवते त्यातले बरेचसे येथे निरुपयोगी, आणि येथे जे प्राणासारखे ते परीक्षणात एका ओळीत उरकलेले.

याच तालुक्यातले किल्लारी या वादात थेट साक्ष देते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपाने तेथील आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली आणि हजारो माणसे गेली. मोबाइल तेव्हा देशात नव्हताच. पहिला मोबाइल कॉल १९९५ च्या जुलैत झाला. आज अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा इशारा देण्याची सोय आहे आणि गूगलने ती २०२३ मध्ये भारतात आणली. फोनच्या पोटातला कंपनमापक जमिनीतून आधी येणारी सौम्य लाट ओळखतो, तशी खबर एकाच वेळी अनेक फोनकडून आली की मागून येणाऱ्या विध्वंसक लाटेच्या आधी दूरच्या लोकांना इशारा पोहोचतो. या गुणाला कोणी कमी लेखू नये. पण तो राहतो कोठे? एका फोनमध्ये तर नाही; एकट्या फोनला आपण हललो की जमीन हलली हे नक्की सांगता येत नाही. तो हजारो फोनच्या एकत्र असण्यात आहे. शिवाय हे काम फोन बजावतो तो कोणाच्या हातात नसताना, स्थिर पडून असताना. आणि केंद्राच्या अगदी जवळ असणाऱ्याला इशाऱ्यासाठी वेळच उरत नाही. किल्लारीत माणसे मेली ती जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदाखाली. त्यांना वाचवणारी गोष्ट हलक्या छपराचे, नीट बांधणीचे घर ही होती, आणि कितीही चांगल्या फोनमुळे ती उणीव भरून निघाली नसती.

तेव्हा चांगलेपणा संबंधात असतो असे म्हटले तर पुढचा प्रश्न येतो: कोणत्या संबंधात? येथे औशाच्या परिसरातला एक जुना विचार हाताशी आहे. शेजारच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, म्हणजे बाराव्या शतकातले कल्याण, येथून फार लांब नाही, आणि मन्मथ स्वामींच्या ‘परमरहस्य’पासून हा विचार मराठीतही मुरलेला आहे. तेथल्या शिवभक्त संतांनी, म्हणजे शरणांनी, देव देवळातून काढून माणसाच्या तळहातावर आणला. इष्टलिंग अंगावर सदैव बाळगायचे, पूजेच्या वेळी डाव्या तळहातावर घेऊन त्यावर दृष्टी स्थिर करायची. मधे पुजारी नको, जातीची आडकाठी नको, स्त्री-पुरुष भेद नको. अंगाला चिकटलेली, तळहातावर मावणारी, नजर खेचून घेणारी वस्तू माणसाचे काय करते, याचा अनुभव मराठवाड्याला असा आठ शतकांचा आहे. आणि त्याच परंपरेत नुलिय चंदय्याची कथा आहे. तो दोर वळणारा. गवत कापताना त्याचे इष्टलिंग पाण्यात पडले. तो थांबला नाही, काम करीत राहिला. लिंग मागे लागले, मला घे म्हणून विनवू लागले, तरी त्याने ऐकले नाही, कायक, म्हणजे श्रमाचे काम, आधी. कथेचा रोख धारदार आहे. प्रत्यक्ष उपास्य वस्तूनेही हाक मारली तरी हातातले काम तिच्याहून मोठे. मग कंपनीने बनवलेल्या वस्तूला यापेक्षा अधिक मान कसा द्यायचा? फोनच्या पारखीची कसोटी मला येथे सापडते: तो कामाला साथ देतो आणि काम झाले की माणसाला सोडतो का.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. फोन हे साधन, साधनाला पाप-पुण्य नसते. सोडायचे की नाही हे धरणाऱ्याने ठरवावे, तुम्ही माणसाचा दोष यंत्रावर ढकलता. आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या खरेपणावरच तो चालतो. विळा खुंटीला टांगला की तो हाक मारत नाही. फोन मारतो. ॲपच्या कोपऱ्यातला लाल आकडा, तळ न लागणारी चित्रफितींची रांग, न मागता वाजणाऱ्या सूचना या गोष्टी वापरणाऱ्याने निर्माण केलेल्या नाहीत. त्या कोणीतरी विचारपूर्वक, वापर वाढावा म्हणून घातलेल्या आहेत. आपल्या कर्मविचारात करणाऱ्याचा हेतू फळाशी बांधलेला असतो. ज्या वस्तूत तिच्या घडवणाऱ्याचा हेतू इतका ठासून भरलेला आहे, ती तटस्थ म्हणवून घेऊ शकत नाही. हा हेतू मोजताही येतो. फोन डब्यातून काढल्यावर किती ॲप आधीच भरलेली आहेत आणि त्यांतली किती काढताच येत नाहीत, सूचना बंद करायला किती पायऱ्या उतराव्या लागतात, सेटिंगच्या पानातसुद्धा जाहिरात दिसते का, हे सगळे कॅमेऱ्याइतकेच तपासण्यासारखे आहे. माणसाचा दोष आहेच, पण तो एकटा नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याच्याकडे संगणक आहे, गाडी आहे, शहरात दोन घरे आहेत, त्याने संयमाचा उपदेश करणे सोपे. औसा तालुक्यातल्या दोन-तीन एकरवाल्यासाठी फोन हाच पहिला कॅमेरा, पहिली बँक, सातबारा घरबसल्या दाखवणारे पहिले कार्यालय. तलाठ्याच्या दारात घालवलेले दिवस ज्याचे वाचले त्याला रात्री दोन तास रील पाहिल्याबद्दल कोण काय सुनावणार? मी हा मुद्दा मानतो, आणि वरच्या कसोटीनेच मानतो. मध्यस्थ हटवून जे कुलूपबंद होते ते तळहातावर आणणे ही तर शरणांचीच चाल होती. कायकाला साथ हा फोनचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो साध्या, दहा-बारा हजारांच्या फोनमध्येही जवळजवळ पूर्ण असतो. लाखाच्या फोनने त्यात फारशी भर पडत नाही. पण याच बाजूने पाहिले तर दोषही अधिक बोचतो. काही स्वस्त फोनची किंमत खाली ठेवली जाते ती त्यांत जाहिराती आणि न काढता येणारी ॲप भरून. महाग फोनवाल्याला शांतता विकत मिळते, स्वस्त फोनवाल्याला व्यत्यय फुकट. सुरक्षा अद्ययावत ठेवण्याचेही तसेच. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे वचन दिले, मात्र हे दोन्ही महाग फोन. स्वस्तातल्या अनेकांना त्याच्या निम्मीही मुदत मिळत नाही. सरकारी काम फोनवरच करायचे ठरल्यावर फोनचे लवकर जुने होणे हा शेतकऱ्यावरचा दंडच ठरतो. म्हणजे गरिबाच्या नावाने केलेला आक्षेप फोनचे दोष माफ करत नाही. उलट, ते दोष कोणाच्या माथी बसतात तेवढे दाखवून देतो.

येथे फोनचे इष्टलिंगाशी असलेले साम्य तुटते तेही पाहायला हवे. इष्टलिंग प्रत्येकाचे स्वतंत्र असे, बाईचेही. शरण परंपरेतल्या अक्कमहादेवीला त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. फोनही एका अंगठ्याच्या ठशावर, एका चेहऱ्यावर उघडणारा, एकाचाच असावा अशा बेताने बनवलेला आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्केच निघाल्या, आणि त्यात साधे फोनही धरलेले आहेत. खात्यात पैसे तिच्या नावाने, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, अशी घरे कोणत्याही गावात दिसतील. एकाच घरात दोन माणसांनी दोन खाती, दोन कुलपे ठेवून सुखाने वापरावा असा फोन बनवण्यात तंत्राची अडचण नाही. काही अँड्रॉइडमध्ये अशी सोय असतेही, पण परीक्षणात तिच्याविषयी शब्द सापडत नाही. वाटून घेण्याला शरणांनी दासोह म्हणून कायकाच्या बरोबरीचे स्थान दिले होते. वाटून घेता येणे हा फोनचा गुण मोजायचा ठरवला तर कित्येक नामांकित फोन काठावरच पास होतील.

तिसरा आक्षेप भाविकांकडून येईल: फोनच आता धर्माचे साधन झाला आहे. पंढरपूरचे दर्शन त्यावर होते, हरिपाठ त्यावर वाचला जातो, औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन सातासमुद्रापलीकडचा मराठी माणूस त्यावर ऐकतो. मग त्याच्यापासून सुटका कशाला? हे सगळे चांगलेच आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तर त्याला पर्याय नाही. फक्त एवढेच की भजन संपल्यावर पडद्यावर आपोआप पुढे काय सुरू होते, हे भजन म्हणणाऱ्याने ठरवलेले नसते. मंडपातले भजन संपले की माणूस उठतो. फोनवरचे संपत नाही, ते दुसऱ्या कशाततरी मिसळते. इष्टलिंगावरची नजर एका ठिकाणी ठरावी म्हणून ती वस्तू काळी, साधी, काही न दाखवणारी होती. ठरलेली नजर हटवत राहणे हेच ज्या पडद्याचे उत्पन्न आहे, त्यावर देवाचे चित्र आल्याने त्याचा स्वभाव बदलत नाही.

ही कसोटी कडक वाटेल, पण दुकानात उभे राहून वापरता येते, म्हणून ती निव्वळ तत्त्वचर्चा नाही. बॅटरी लातूरला बदलून मिळेल का आणि कितीला? सुरक्षेची अद्ययावतता किती वर्षे, लेखी कोठे आहे? नको असलेली ॲप काढता येतात का, येथेच काढून दाखवा. पडदा बाहेर रस्त्यावरच्या उन्हात धरून पाहू द्या. घरातल्या दुसऱ्या माणसाचे खाते यात उघडता येईल का? युरोपीय संघाने जून २०२५ पासून यातल्या काही गोष्टी कायद्यानेच मागितल्या आहेत: ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, सुटे भाग वर्षानुवर्षे मिळाले पाहिजेत. तेथे विकणाऱ्या त्याच कंपन्या औशातही विकतात. येथल्या गिऱ्हाइकाने तेच मागितले तर दुकानदाराला पहिल्यांदा उत्तर येणार नाही, दहाव्यांदा त्याला वितरकाला फोन लावावा लागेल.